नाही-मीमांसा: नाशिक रोडच्या एका ऑफिसातील क्लायंट-सर्व्हर-विरहाचा शास्त्रोक्त विचार

प्रस्तुत प्रबंधाचा विषय ‘नाही’ हा आहे. नेमके सांगायचे तर नाशिक रोडला बिटको चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या करसल्लागाराच्या ऑफिसात, महिन्याच्या २० तारखेला सकाळी सव्वादहाच्या सुमारास उच्चारले जाणारे ‘नाही’. त्याचे पूर्ण रूप ‘सर्व्हर कनेक्ट होत नाही’ असे असून फोनवर ते आखडून ‘अहो, नाही ना होत!’ एवढेच उरते. २० तारीख ही जीएसटीआर-३बी भरायची अखेरची तारीख. ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१च्या दिवशीही हेच वाक्य ऐकू येते, फक्त आवाज एक पट्टी खाली असतो.

संगणकशास्त्राच्या ग्रंथांचा या कामी फारसा उपयोग नाही. ते सगळे ‘आहे’बद्दल लिहिलेले असतात. सर्व्हर आहे, क्लायंट आहे, मध्ये बाण आहे आणि आकृतीतले सगळे आनंदात आहेत. ‘नाही’चा पद्धतशीर विचार केला तो आपल्याकडच्या नैयायिक-वैशेषिकांनी. त्यांनी द्रव्य, गुण, कर्म वगैरे सहा पदार्थ मांडले आणि पुढे, बहुधा कोणीतरी ‘दिसत नाही, दिसत नाही’ म्हणून फारच पिच्छा पुरवल्यामुळे, अभाव हा सातवा पदार्थ मान्य केला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात या अभावाचे चार प्रकार दिले आहेत. भीमाचार्य झळकीकरांनी न्यायकोश रचून असल्या पारिभाषिक शब्दांचा डोंगर उपसला, पण त्यात लॅन वायर नाही. ती उणीव भरून काढणे हे प्रस्तुत लेखकाचे काम. लेखकाची अर्हता: संस्कृत घेऊन बी.ए., आणि त्यानंतर पोटासाठी हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स. जेल रोड, उपनगर आणि देवळाली गाव धरून या परिसरात दोन्ही विषय शिकलेला दुसरा कोणी असल्यास त्याने कळवावे. वादविवादाला लेखक सायंकाळी मोकळा असतो, २० तारीख सोडून.

क्षेत्र आणि पात्रे

ऑफिसात सात संगणक आहेत आणि एक सर्व्हर. सर्व्हर म्हणताच वाचकाच्या डोळ्यांपुढे थंडगार खोली आणि काचेचे दार येईल, तर ते त्याने पुसून टाकावे. येथे सर्व्हर म्हणजे ज्येष्ठ अकाउंटंट काकांच्या टेबलाखाली, त्यांच्या डब्याच्या पिशवीशेजारी बसलेला आठवा संगणक. इतर सातांहून तो ओळखू येतो तो त्याच्यावर चिकटवलेल्या कागदामुळे: ‘बंद करू नये’. त्याखाली लाल पेनाने, वेगळ्या हस्ताक्षरात: ‘कोणीही!’ यावरून हा लेख दोन टप्प्यांत रचला गेला असावा आणि मधल्या काळात यंत्र कोणीतरी बंद केले असावे, असे पाठचिकित्सेच्या आधारे म्हणता येते. त्याच्या पोटात भगूरपासून सिन्नरपर्यंतच्या व्यापाऱ्यांच्या वह्या आहेत. मॅडम जीएसटी पाहतात, नवी मुले बिले चढवतात, मामा चहा आणि झाडलोट पाहतात, आणि सरांना सर्व्हरचा पासवर्ड माहीत आहे. सर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलेले असतात आणि पासवर्डची गरज गाडी कसाऱ्याच्या बोगद्यात असताना पडते, हा नियम निरपवाद आहे.

लक्षणांचे तीन दर्जे. सौम्य लक्षणात फोल्डर उघडायला इतका वेळ लागतो की मॅडम मधल्या काळात पार्टीला एक फोन करून घेतात. मध्यम लक्षणात ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ अशी चौकट येते; म्हणजे आपण मागितलेली वाट सापडली नाही हे यंत्र सांगते आणि आपण ते मुकाट्याने मान्य करावे एवढीच त्याची अपेक्षा असते. उग्र लक्षण टॅलीत दिसते. अनेक संगणकांवर चालणाऱ्या टॅलीचा परवाना एका यंत्रावर ठेवलेला असतो. तिथपर्यंत हाक पोचली नाही की टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या अवस्थेत उघडते, आणि विद्यार्थ्याला महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद करता येते. उभा जन्म खातेवह्यांत घालवलेल्या काकांना यंत्राने असे अचानक शाळेत बसवले की ते चष्मा काढून पुसू लागतात. बाहेर २० तारीख असते, आणि टॅलीच्या पंचांगात तो दिवसच नसतो.

प्रतियोगी, अनुयोगी आणि टेलिफोन

शास्त्र सांगते की नुसता अभाव संभवत नाही. जमिनीवर घडा नाही, असे म्हणताना जो नाही तो घडा हा प्रतियोगी, आणि जिथे तो नाही ती जमीन हा अनुयोगी. दोन्ही सांगितल्याशिवाय ‘नाही’ला अर्थ येत नाही. तक्रारदार मात्र दोन्ही गाळून फक्त ‘नाही’ तेवढे पाठवतो. फोनवरचा संवाद असा:

“काय होत नाहीये?”

“काहीच होत नाहीये.”

“कोणत्या मशीनवर?”

“सगळ्याच.”

“मॅडमचं बघा ना जरा.”

“मॅडमचं चालूये. त्या काम करतायत.”

“आणि खिडकीजवळचं?”

“ते पण चालूये. पण माझं नाही ना होत!”

अनुयोगी अशा रीतीने ‘सगळ्या’वरून ‘माझ्या’वर आला, आणि एवढ्यात निम्मे काम झाले. एकाचेच गेले असेल तर दोष त्या संगणकात, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या नशिबात. सगळ्यांचे गेले असेल तर दोष सर्व्हरमध्ये किंवा मधल्या स्विचमध्ये. इंटरनेट चालू आहे पण सर्व्हर नाही, की सर्व्हर चालू आहे पण इंटरनेट नाही, हा पुढचा प्रश्न. कारण ऑफिसात दोन्हींना ‘नेट’ असेच म्हणतात आणि कंपनीचा माणूस बोलावून झाल्यावर कळते की नेट आहे, टॅली नाही. याच क्रमाने विचारत गेले तर लेखकाला बहुतेक वेळा स्कूटर काढावी लागत नाही. (हे उघड करणे धंद्याला मारक आहे, पण शास्त्राला तारक आहे.)

फोनवरून अशी विचारपूस करण्याची परंपरा नेटवर्कइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी शेकडो किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरू पाहत होता. पलीकडे बिल डुवाल होता. दोघांच्या कानाला फोन. ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून पाठवायचा ठरला. एल पाठवले: आला का? आला. ओ पाठवले: आला का? आला. पुढचे अक्षर पाठवले आणि पलीकडचे यंत्र कोसळले. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणून ती दोनच अक्षरे इतिहासात राहिली. दुरुस्ती करून पूर्ण लॉगिन व्हायला आणखी तासभर लागला. म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांचा पहिलाच भेटीचा प्रसंग फसला, आणि तो फसला हे नेटवर्कवरून नव्हे, साध्या टेलिफोनवरून कळले. बिटकोजवळच्या ऑफिसात फोनही लागत नाही; आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत “आलं का?” असे ओरडले की पुरते.

प्रमाणविचार

गौतमाच्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कचेरीत यांचा क्रम उलटा लागतो. शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, सर्वात आधी येते आणि सर्वात कमी टिकते. ‘काल संध्याकाळपर्यंत चालू होतं’ हे वाक्य प्रत्येक तक्रारीच्या आरंभी मंगलाचरणासारखे म्हटले जाते. त्यानंतर ‘मी काहीच केलं नाही’. मामांचे वचन थोडे निराळे असते: “मी फक्त झाडलं.” अनुभवी दुरुस्तीवाला या ‘फक्त’पाशी थांबतो. फक्त झाडताना टेबल फक्त पुढे ओढले होते, आणि बोर्डातली फक्त एक काळी पिन काढून तिथे फक्त दहा मिनिटे मोबाइल लावला होता. ती काळी पिन स्विचची होती.

प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे त्या स्विचवरचे दिवे. भिंतीवर पुठ्ठ्याच्या खोक्याएवढा स्विच टांगलेला असतो. त्यात जितक्या वायरी तितके हिरवे ठिपके. ठिपका स्थिर असेल तर पलीकडे कोणीतरी आहे. लुकलुकत असेल तर बोलणे चालू आहे. विझलेला असेल तर विद्वत्ता बाजूला ठेवून खाली वाकावे आणि जॅक बघावा. जॅक म्हणजे वायरीच्या टोकाचे पारदर्शक बोंड. त्याला पाठीवर एक नाजूक प्लास्टिकची जीभ असते, ती खाचेत टक्‌ करून बसते. ती तुटली की जॅक दिसायला आत असतो पण धरलेला नसतो. काकांच्या सर्व्हरचा जॅक असाच आहे. त्यात उदबत्तीच्या काडीचा तुकडा पाचर म्हणून मारलेला आहे. काका खुर्ची मागे सरकवून डबा काढतात तेव्हा पिशवीचा बंद वायरीला लागतो, पाचर सैल होते आणि सात संगणक एकदम विद्यार्थी होतात. दुपारी दीडचा ‘नाही’ आणि काकांचा डबा यांच्यातला हा कार्यकारणभाव सिद्ध व्हायला बरेच महिने लागले, कारण सगळे त्या वेळी जेवत होते.

अनुमानाबद्दल सावध राहावे. न्यायाचे जुने उदाहरण असे की डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. नाशिक रोडकरांना डोंगर शोधायला नको. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी आहे. तिथे आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. चिमणीतून धूर निघतो, म्हणून खाली अग्नी आहे, येथवर गौतम मुनी बरोबर. अग्नी आहे म्हणून वाफ, वाफ आहे म्हणून वीज, हेही कबूल. वीज आहे म्हणून आपल्या ऑफिसात लाईट आहे, असे पुढे म्हणायला जावे तर पंखा थांबतो, कारण एकलहऱ्याची वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि फ्यूज मात्र आपल्या गल्लीतला उडतो. क्लायंट-सर्व्हर प्रकरणात हीच फसगत ‘स्क्रीन चालू आहे, म्हणजे सर्व्हर चालू आहे’ या रूपाने होते. सर्व्हर म्हणून वापरलेला साधा संगणक, कोणी हात लावला नाही की, वीज वाचवण्यासाठी झोपी जातो. त्याला ‘झोपू नकोस’ असे सेटिंगमध्ये जाऊन सांगावे लागते. आयुर्वेदाने दिवसा झोपणे वर्ज्य सांगितले आहे, पण ते माणसांपुरते.

पिंग

मराठीत पिंग करत नाहीत, मारतात. “पिंग मारून बघ रे.” हे क्रियापद नकळत अचूक बसले आहे, कारण पिंगचा जन्म तोफांच्या सहवासात झाला. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, म्हणजे तोफगोळ्यांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत, माइक मूस यांचे नेटवर्क काहीतरी विचित्र वागत होते. दोष शोधायला त्यांनी एका संध्याकाळात हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचा तो आवाज: हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचे. ज्या गावाच्या एका अंगाला तोफखाना केंद्र आणि दुसऱ्या अंगाला देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी, तिथे या विद्येला परकी म्हणता येणार नाही.

मूस यांना कोणीतरी सांगितलेली एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. एका नेटवर्कवाल्याची वायर मधूनच दगा देत होती. त्याने पिंगचे उत्तर आले की संगणक मोठ्याने ‘पिंग’ असे बोलेल अशी सोय केली, आवाज स्टिरिओला जोडला, आणि तो इमारतभर फिरून एकेक जोड हलवत राहिला. जिथे ‘पिंग, पिंग’ थांबले तिथे दोष. लेखकाने हा प्रयोग बिटकोजवळ सुचवला असता काकांनी तो नामंजूर केला. खाली दवाखाना आहे.

पिंगचे उत्तर वाचणे ही मात्र तर्कशास्त्राची खरी परीक्षा आहे. विंडोजमध्ये चार हाका जातात. उत्तर न येण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि ऑफिसातला माणूस दोन्हींना ‘लाल आलं’ म्हणतो, जरी त्यात लाल काहीच नसते. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे हाक गेली, वाट पाहिली, उत्तर आले नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ म्हणजे हाक मारायची कोणाला, तोच सापडला नाही. या दुसऱ्या तऱ्हेत एक गंमत आहे. नीट पाहिले तर ते उत्तर आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलेले असते. तो स्वतःशीच म्हणतो की पलीकडे कोणी नाही, आणि खाली हिशेब लिहितो: चार पाठवले, चार मिळाले, तोटा शून्य. काकांच्या मते हिशेबाची ही पद्धत सहकार क्षेत्रातून आलेली असावी.

‘टाइम्ड आउट’वरून सर्व्हर मेला असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. येथे मीमांसकांचे ‘अर्थापत्ति’ हे प्रमाण कामी येते. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. तसेच काळ्या खिडकीत ‘एआरपी’ची यादी मागवावी. सर्व्हरच्या पत्त्यासमोर त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी जन्मांक दिसला, तर तो जिवंत आहे, शेजारच्याच खोलीत आहे आणि हाकेला ओ देत नाही. लठ्ठ आहे, जेवतो, फक्त आपल्यादेखत जेवत नाही. या रात्रीच्या जेवणाला फायरवॉल म्हणतात.

अभावचतुष्टय

आता मुख्य विषय. पहिला प्रागभाव: वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा अभाव. नवा संगणक आला, टेबलावर बसला, त्याला हार घातला, पेढे वाटले. वायर अजून यायची आहे. ‘कनेक्ट होत नाही’ असे इथेही म्हणतात. प्रागभावाला आरंभ नसतो पण अंत असतो, असे शास्त्र सांगते. हा अंत वायरवाला कधी येतो त्यावर अवलंबून.

दुसरा प्रध्वंसाभाव: असलेले नष्ट झाल्यानंतरचा. याला आरंभ असतो, अंत नसतो. उंदराने कुरतडलेली वायर आपोआप जुळत नाही. वायरीच्या आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. नवे टोक करताना त्या पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावायच्या. हिरव्याच्या जोडीत निळ्याची जोडी मध्ये घुसवलेली आहे हे ध्यानात घ्यावे, कारण नवशिका तिथेच चुकतो. जाणकारांसाठी एक बारकावा. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात, हजारच्या वेगाला आठही. उंदराने जर निळी किंवा तपकिरी जोडी खाल्ली तर कनेक्शन तुटत नाही, फक्त दहापट मंद होते. हा अर्धा प्रध्वंस वर्षानुवर्षे खपून जातो आणि त्याचा आळ टॅलीवर, नव्या मुलांवर आणि हल्लीच्या एकंदर काळावर येतो.

तिसरा अत्यंताभाव हा सगळ्यात खोल, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहावे लागेल. भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळी जो संबंध नाही तो. एके दिवशी इंटरनेट कंपनीचा मुलगा येतो, जुना राउटर काढतो, नवा लावतो, मोबाइलवर व्हिडिओ चालवून दाखवतो, सही घेतो, जातो. इंटरनेट उत्तम चालते. सर्व्हर मात्र कोणालाच दिसत नाही. कारण जुना राउटर १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते वाटत होता, नवा १९२.१६८.०ने सुरू होणारे वाटतो, आणि सर्व्हरला पूर्वी कोणीतरी १९२.१६८.१.१०० हा पत्ता हाताने कायमचा लिहून दिला आहे. वायर तीच, स्विच तोच, दिवे हिरवे. सातही संगणक एका आळीत आणि सर्व्हर दुसऱ्या आळीत, मधे एका आकड्याचा फरक. क्लायंटला वाटते हा पत्ता आपल्या आळीतला नाही, म्हणून तो हाक राउटरकडे देतो. राउटरला तरी तो कुठे माहीत? १९२.१६८चे पत्ते १९९६ च्या संकेताप्रमाणे खासगी वापराचे, बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. टेबलाखाली दीड हातावर असलेल्या यंत्रासाठी मारलेली हाक अशी वेशीबाहेर जाऊन हरवते.

त्यात भर म्हणजे राउटर बदलला की विंडोजला हे नवेच गाव वाटते. तो विचारतो की या नेटवर्कवर इतरांना तुम्ही दिसलेले चालेल का? सर्व्हरला स्क्रीन असते पण तिच्याकडे कोणी बघत नाही. चौकट दिसलीच तर मामा ती फुली मारून घालवतात. उत्तर ‘नको’ असे गृहीत धरले जाते, नेटवर्क ‘पब्लिक’ ठरते आणि फायरवॉल दार लावून घेते. मग पत्ता दुरुस्त केला तरी लठ्ठ देवदत्त जेवताना दिसत नाही.

पत्ता वाटणारे कोणीच नसल्यास क्लायंट स्वतःच्या मनाने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता धारण करतो. हा स्वयंभू पत्ता दिसला की समजावे, त्याने पुष्कळ हाका मारल्या आणि शेवटी स्वतःची सोय स्वतः केली.

चौथा अन्योन्याभाव: घडा म्हणजे वस्त्र नव्हे, वस्त्र म्हणजे घडा नव्हे. नाशिक रोडला हे शिकवावे लागत नाही. रेल्वेतून उतरून “रामकुंड कुठाय?” विचारणाऱ्या प्रवाशाला इथला रिक्षावाला रोज समजावतो की नाशिक रोड म्हणजे नाशिक नव्हे, ते पुढे आहे. नेटवर्कात हा अभाव असा भेटतो: सर्व्हरच्या नावात शेवटी ‘एस’ आहे, शॉर्टकटमध्ये नाही. याहून चमत्कारिक प्रकार पत्त्याचा. पुष्कळ राउटर पत्ते वाटायला १०० या आकड्यापासूनच सुरुवात करतात. रात्री सर्व्हर बंद पडला असेल (‘कोणीही!’), तर सकाळी सर्वात आधी आलेल्या पार्टीचा मोबाइल वायफायला लागतो आणि त्याला सर्व्हरचाच पत्ता मिळतो. मग सात संगणक टॅलीचा डेटा एका द्राक्षबागायतदाराच्या खिशात शोधत असतात. पिंगला उत्तर झकास येते.

पिंगला उत्तर येते पण टॅली लागत नाही, या कोड्याचा उलगडा स्टेशनावर होतो. पूर्वी नाशिक रोडहून मनमाडकडे गाडी सोडायची तर मास्तर आधी ओढ्याच्या मास्तरला लाईन क्लिअर मागे. ओढ्याहून होकार येई. मग इथून गाडी सुटल्याची वर्दी जाई. ओढ्याचा मास्तर फोन उचलतो म्हणजे त्याने लाईन दिली असे नव्हे. क्लायंट-सर्व्हरमध्येही हे तीन निरोप ठरलेले आहेत: येऊ का, ये, आलो. शिवाय प्रत्येक कामाला वेगळा फलाट: फोल्डर वाटून घ्यायला ४४५, दूरच्या पडद्यावर काम करायला ३३८९. यंत्र जागे असेल पण ४४५चा फलाट बंद असेल, तर पिंग येत राहील आणि मॅडमचा फोल्डर उघडणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची खंडणीखोर साथ याच फलाटावरून जगभर पसरली. त्यानंतर विंडोजने फोल्डर वाटण्याची जुनी रीत नव्या यंत्रांवर बंद ठेवायला सुरुवात केली. ऑफिसातला जुना स्कॅनर तेव्हापासून रुसला आहे. त्याला कोणी कारण सांगितलेले नाही.

अतिसंबंधाचे परिशिष्ट

वरील चौकटीत न बसणारा एक प्रसंग नोंदवणे भाग आहे. दिवाळीच्या साफसफाईत मामांना स्विचमधून निघालेल्या एका वायरीचे दुसरे टोक मोकळे लोंबताना दिसले. त्यांनी ते पुसले आणि जवळच्या रिकाम्या भोकात व्यवस्थित लावून टाकले. भोक त्याच स्विचचे होते. वायरीची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली की ‘सगळ्यांसाठी’ म्हणून निघालेला प्रत्येक निरोप गोल फिरून परत येतो आणि पुन्हा सगळ्यांसाठी निघतो. क्षणात सगळे दिवे एका तालात, इतक्या वेगाने लुकलुकू लागले की नवी मुले व्हिडिओ काढायला धावली. नेटवर्क पूर्ण ठप्प. या व्याधीवर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय शोधला आहे. त्यांच्या रीतीने वागणारे स्विच आपणहून जादा वाट बंद करतात. स्वस्तातल्या स्विचमध्ये बहुधा ही अक्कल नसते. इथे कशाचाच अभाव नव्हता, जोडणी गरजेपेक्षा एकने जास्त होती, आणि तरी ‘नाही’ झाले. अन्नंभट्टाने पाचवा प्रकार का दिला नाही, याचे उत्तर एवढेच संभवते की त्याच्याकडे मामा नव्हते.

पुनरारंभवाद्यांचे खंडन

“रीस्टार्ट मारलं का?” हा पूर्वपक्ष सर्वत्र प्रबळ आहे, आणि दुःखाची गोष्ट अशी की तो बरेचदा बरोबर निघतो. झोपलेले नेटवर्क कार्ड, अडकलेली सेवा, शिळा पत्ता, हे सगळे रीस्टार्टने सुटते. लेखकाचा आक्षेप नेमका त्यालाच आहे. जे औषध पाच रोगांवर चालते त्याने बरे वाटल्यावर रोग कोणता होता ते कळत नाही, आणि तो पुढच्या २० तारखेला परत येतो. मारायचेच असेल तर निदान क्रम पाळावा: आधी राउटर, मग स्विच, मग सर्व्हर, तो पुरता उठल्यावर क्लायंट. ऑफिसात सगळे एकदम मारतात; क्लायंट लगबगीने आधी उठतात, सर्व्हर अजून तोंड धूत असतो, आणि प्रत्येक पडद्यावर सर्व्हरच्या ड्राइव्हवर लाल फुली येते. तेव्हा मॅडम म्हणतात, “दादा, आता तर आणखीनच गेलं.”

राहिला मोबदला. परवाच्या २० तारखेला दोष उदबत्तीच्या काडीचा निघाला. नवा जॅक मारला, वायर टेबलाच्या पायाला क्लिपेने बांधली, डब्याच्या पिशवीला खिळा ठोकून दिला. बिलावर कामाचे वर्णन काय लिहावे हा प्रश्न आला. शासनाने संगणक-दुरुस्तीला ९९८७१३ हा संकेतांक दिला आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. प्राग, प्रध्वंस, अत्यंत, अन्योन्य असा भेद वस्तू व सेवा कर कायदा करत नाही.

“लिहा, जॅक बदलला,” काका म्हणाले. “जॅक कितीचा येतो ते मला माहितीये.”

लेखकाने विनयाने सांगितले की बिल जॅकचे नाही. सकाळपासून इथे अभाव होता, तो आता नाही. आणि अभावाचा अभाव म्हणजे भाव, असे शास्त्रवचन आहे.

“तेच म्हणतोय मी,” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “भाव जास्त आहे. जरा कमी करा.”